सांगली-मिरज-कुपवाड एसटी : रस्ता एकच, गाड्या दोन तऱ्हेच्या, अर्धं तिकीट कुठल्या गाडीत मिळतं, कुठल्या नाही

मिरज स्टँडवर हा वाद आपण सगळ्यांनी ऐकलाय. पूर्व भागातल्या एखाद्या गावावरून लाल गाडीतून बाई येते. गावापासून मिरजेपर्यंत तिला अर्धं तिकीट लागलेलं असतं. पुढं सांगलीला जायला समोर उभी असलेली शहरी बस ती पकडते, अर्ध्या तिकिटाचे पैसे हातात धरते आणि कंडक्टर पूर्ण तिकीट मागतो. "आत्ता तर अर्धं होतं की!" ती म्हणते. "मावशी, ही शहरी हाय," कंडक्टर म्हणतो. मागची माणसं कुरकुरायला लागतात, बाई गुमान पैसे देते आणि आपल्याला फसवलं असं मनात धरून बसते.

फसवलं कुणीच नाही. नियमच तसा आहे. पण तो नियम गाडीवर ठळक लिहिलेला नसतो आणि गावात कुणी सांगत नाही. सांगली, कुपवाड, मिरज या तीन ठिकाणांमध्ये एसटीनं फिरणाऱ्याला काय काय माहीत पाहिजे, ते एका जागी मिळावं म्हणून हा लेख. लांब झालाय, पण मोबाईलमध्ये ठेवून द्या, कामाला येईल.

आधी हे दोन गावांचं कोडं समजून घ्या

सांगली जिल्ह्याचं मुख्य ठिकाण, पण तालुका मिरज. म्हणजे सांगली शहरसुद्धा मिरज तालुक्यातच येतं. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. याचं मूळ जुनं आहे. मिरज हे पटवर्धनांचं संस्थान. १८०१ साली चिंतामणराव पटवर्धन वाटणी करून वेगळे झाले आणि सांगली हे नवं संस्थान उभं राहिलं. मध्ये जेमतेम दहा किलोमीटर, पण दोन राजे, दोन राजवाडे, दोन बाजारपेठा. १९४८ साली संस्थानं विलीन झाली. १९४९ साली सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली जिल्हा झालं. ९ फेब्रुवारी १९९८ ला सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली. कागदावर तिन्ही गावं एक झाली, पण कचेऱ्या, दवाखाने, बाजार जिथं होते तिथंच राहिले.

म्हणून आपल्याला फिरावं लागतं. तहसील आणि प्रांत कचेरी मिरजेत. जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा न्यायालय विजयनगरला, म्हणजे दोन्ही शहरांच्या मध्ये. जिल्हा परिषद सांगली-मिरज रस्त्यावरच, पण सांगलीच्या अंगाला. हळद, गूळ, बेदाण्याचा बाजार सांगलीच्या मार्केट यार्डात. रेल्वेचं मोठं जंक्शन मिरजेत. कारखान्यातली नोकरी कुपवाड एमआयडीसीत. एका सातबाराच्या दुरुस्तीपायी माणूस या रस्त्यावर किती वेळा ये-जा करतो, ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. सांगलीत अपर तहसील कार्यालयही आहे, त्यामुळं मिरज तालुक्यातलं आपलं गाव कुठल्या कचेरीकडं येतं हे गावातल्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला (आपण अजून तलाठीच म्हणतो) विचारूनच घराबाहेर पडा. नाहीतर मिरजेत उतरायचं आणि "सांगलीला जावा" ऐकून परत बसमध्ये बसायचं, असं होतं.

दोन तऱ्हेच्या गाड्या

महाराष्ट्रात मोठ्या शहरांची शहर बस बहुतेक करून महापालिका चालवते. पुण्यात पीएमपी आहे, कोल्हापुरात केएमटी आहे. सांगली-मिरज-कुपवाडमध्ये मात्र शहरी बससेवा एसटी महामंडळ चालवत आलं आहे. घोळ इथंच होतो. गाडी एसटीची, कंडक्टर एसटीचा, खाकी गणवेश तोच, तिकिटाचं मशीन तेच. पण सेवा "शहरी". आणि त्याच रस्त्यावरून जत, कवठेमहांकाळ, पंढरपूर बाजूच्या, शिवाय खेड्यापाड्यातून येणाऱ्या गाड्याही मिरजेवरून सांगलीला जातात. त्यांना आपण लाल गाडी म्हणू. ही साधी एसटी, सगळ्या महाराष्ट्रात चालते तीच.

आता फरक. महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत देणारी महिला सन्मान योजना १७ मार्च २०२३ पासून लागू झाली. साधी, निमआराम, शिवशाही अशा एसटीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांत ती मिळते. पण योजना सुरू करतानाच एक ओळ घातलेली होती, ती म्हणजे शहरी वाहतुकीला ही सवलत लागू नाही. त्याच्या आधी, २६ ऑगस्ट २०२२ पासून, ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना मोफत प्रवास देणारी अमृत ज्येष्ठ नागरिक योजना आली. तिच्यातही हीच अट आहे. शहरी बसमध्ये मोफत नाही.

राज्यात बाकी ठिकाणी या ओळीनं फारसं कुणाचं अडत नाही, कारण तिथं शहर बस दिसायलाच वेगळी असते. माणूस ती एसटी समजून चढतच नाही. आपल्याकडं दोन्ही गाड्या एकाच संस्थेच्या, एकाच रस्त्यावर, एकामागोमाग उभ्या. त्यामुळं राज्यभर किरकोळ वाटणाऱ्या त्या अटीचा चटका आपल्या बायाबापड्यांना बसतो. माझं मत विचाराल तर मिरज ते सांगली ही "शहरी" वाहतूक म्हणणंच कोड्याचं आहे. त्या गाडीत बसलेल्यांत आरग, बेडग, सलगरे, एरंडोली, म्हैसाळकडची किती माणसं असतात ते एकदा मोजून बघावं. पण नियम आहे तोवर नियम. कंडक्टरशी भांडून उपयोग नाही, त्याच्या हातात काही नसतं. सवलतीचं तिकीट चुकीच्या गाडीत दिलं तर त्याचा जाब त्यालाच द्यावा लागतो.

मग चढायच्या आधी काय करायचं

पहिलं म्हणजे पाटी वाचा आणि तरी शंका असेल तर पायरीवर पाय ठेवायच्या आधी विचारा, "शहरी की लांबची?" एवढा एकच प्रश्न. दोन्ही शहरांत शहरी गाड्या उभ्या राहण्याची जागा आणि लांबच्या गाड्यांचे फलाट वेगवेगळे आहेत, तेही एकदा बघून ठेवा. नवीन माणसानं चौकशीच्या खिडकीवर जावं, तिथं लाजायचं काही नाही.

लांबची गाडी सगळ्या थांब्यांवर थांबत नाही. हा तिचा तोटा. मार्केट यार्ड, पुष्पराज चौक, विश्रामबाग, भारती हॉस्पिटल, मिशन हॉस्पिटल अशा ठिकाणी उतरायचं असेल तर गाडी तिथं थांबते का, हे तिकीट काढतानाच विचारून घ्यावं. शहरी बस मात्र थांब्याथांब्यावर थांबते, आणि ती सारखी सारखी असते. म्हणजे हिशेब असा, की स्टँड ते स्टँड जायचं आणि हातात वेळ असेल तर बायकांनी आणि म्हाताऱ्या माणसांनी लाल गाडीची वाट बघावी, पैसे वाचतात. मधेच उतरायचं किंवा घाई असेल तर शहरी.

वडाप आहेच. दोन मिनिटांत भरतंय आणि सुटतंय, म्हणून माणसं बसतात. पण वडापात सवलत नाही, तिकीट नाही, आणि काही बरंवाईट झालं तर हातात कागद नाही. एसटीच्या तिकिटात १ एप्रिल २०१६ पासून एक रुपया अपघात सहाय्यता निधीसाठी घेतला जातो, तो याच कामासाठी. म्हणून तिकीट उतरेपर्यंत जपून ठेवा. चुरगाळून खिडकीतून टाकू नका. मधे तपासणी आली आणि तिकीट दाखवता आलं नाही, तर भाड्याच्या दुप्पट किंवा शंभर रुपये, यातलं जे जास्त असेल ते दंड म्हणून भरावं लागतं, शिवाय मूळ भाडं वेगळं. मोफत प्रवास करणाऱ्या आजोबांनीही शून्य रकमेचं तिकीट घ्यायलाच पाहिजे. "मला फुकट हाय" म्हणून तिकीट न घेता बसून राहणं म्हणजे विनातिकीटच.

टप्पा म्हणजे काय आणि तो आपले पैसे कसे खातो

एसटीचं भाडं किलोमीटरवर नाही, टप्प्यावर असतं. लाल गाडीचा एक टप्पा ६ किलोमीटरचा. सात किलोमीटर गेलात तरी दोन टप्प्यांचे पैसे. २५ जानेवारी २०२५ पासून भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तेव्हा साध्या गाडीचा एका टप्प्याचा दर ८ रुपये ७० पैशांवरून १० रुपये ५ पैसे झाला. प्रत्यक्ष तिकिटात वरचा एक रुपया आणि पैशांची गोळाबेरीज येते, त्यामुळं हातातल्या तिकिटावरचा आकडा थोडा इकडंतिकडं दिसेल. शहरी बसचे टप्पे वेगळे आणि लहान असतात, तिथं हा हिशेब लावू नका.

आता आपल्या कामाची गोष्ट. समजा तुमचं गाव मिरजेपासून १४ किलोमीटरवर आहे आणि तुम्हाला सांगलीला जायचंय. मिरजेपर्यंत तिकीट काढलं तर ढोबळमानानं तीन टप्पे. मिरजेत उतरून पुन्हा दुसऱ्या लाल गाडीत बसलात तर सांगलीपर्यंत आणखी दोन. एकूण पाच टप्पे, ५० रुपये २५ पैसे. तेच, गाडी गावावरून थेट सांगलीला जाणारी असेल आणि तिकीट सरळ सांगलीचं काढलं, तर २४ किलोमीटरचे चार टप्पे, ४० रुपये २० पैसे. दहा रुपयांचा फरक एका माणसामागं, एका बाजूनं. गाडी तीच, बसायची जागा तीच, फक्त तिकीट तोडून काढलं म्हणून दहा रुपये जास्त. अपघात निधीचा रुपयाही दोनदा जातो.

७५ वर्षांच्या आजीचं बघा. थेट गाडीत गाव ते सांगली पूर्ण मोफत. मिरजेत उतरून शहरी बस पकडली की पुढचे पैसे भरायचे. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दवाखान्याला पाठवताना सकाळची थेट गाडी कितीला आहे हे आदल्या दिवशी बघून ठेवा. आपल्या गावात गाडीच्या वेळा पाठ असलेला एकतरी माणूस असतो, बहुतेक करून फाट्यावरचा चहावाला.

वयाचा पुरावा सोबत पाहिजे. आधार चालतं, मतदान कार्ड, पॅन, वाहन परवाना हेही चालतात. ६५ ते ७५ वयाच्यांना ५० टक्के सवलत आहे, त्यांनाही ओळखपत्र लागतं. बायकांना अर्ध्या तिकिटासाठी कुठलाही कागद लागत नाही. पाच वर्षांच्या आतल्या पोराला तिकीट नाही, पाच ते बारापर्यंत अर्धं.

कामाला रोज जाणाऱ्यांचा हिशेब

कुपवाड एमआयडीसीत पाळीवर जाणारी पोरं-पोरी आपल्या गावागावांत आहेत. त्यांनी पासाचा विचार जरूर करावा. एसटीच्या मासिक पासाला २० दिवसांचं भाडं भरायचं आणि ३० दिवस फिरायचं. तिमाही पासाला ५० दिवसांचं भाडं भरून ९० दिवस. महिन्यात २६ दिवस कामाला जाणाऱ्या गड्याचं सहा दिवसांचं भाडं वाचतं. दोन टप्प्यांच्या अंतराला जाऊन-येऊन रोजचे चाळीस धरले तर महिन्याला अडीचशेच्या आतबाहेर.

पण बाईमाणसानं पास काढायच्या आधी कागदावर बेरीज करावी. लाल गाडीत तिला रोज अर्धं तिकीट आहे. २६ दिवस अर्ध्या तिकिटानं गेली तर खर्च पडतो १३ दिवसांच्या पूर्ण भाड्याएवढा. पास पूर्ण भाड्याच्या २० दिवसांवर निघत असेल तर तो तिला महागच पडतो. रोज तिकीट काढणं स्वस्त. उलट तिचा रोजचा प्रवास शहरी बसचाच असेल, तर तिथं अर्धं तिकीट नाही, मग पास हाच आधार. तेव्हा शहरी सेवेच्या पासाची चौकशी आगारात स्वतंत्र करा आणि पासावर सेवा कुठली, कुठून कुठपर्यंत, हे लिहिलेलं नीट वाचून मगच खिडकी सोडा. एका सेवेचा पास दुसऱ्या गाडीत चालेल असं गृहीत धरू नका.

कुपवाडला जायच्या वाटा दोन-तीन आहेत. सांगलीकडून जाणारी गाडी भारत सूतगिरणी, लक्ष्मी मंदिर या भागातून कुपवाडच्या सोसायटी चौकात येते. माधवनगरकडूनही रस्ता आहे, त्यामुळं तासगाव, कवलापूर, बुधगावकडून येणाऱ्यानं आधी सांगली स्टँडला जाऊन परत मागं फिरायची गरज नसते. मिरज-पंढरपूर रस्त्याकडून येणाऱ्याला तानंग फाट्यावरून सावळीमार्गे एमआयडीसी जवळ. पण या आडवाटांना बस कमी. फाट्यावर उतरल्यावर पुढं दोन-तीन किलोमीटर कसं जायचं, याची सोय आधी करून ठेवावी लागते. सकाळच्या पाळीला गाड्या मिळतात. रात्रीची पाळी सुटते तेव्हा बसच्या भरवशावर राहू नका. पोरगी दुसऱ्या पाळीला असेल तर कंपनीची गाडी आहे का, हे नोकरी धरतानाच विचारा. पगार विचारतो तसंच.

पोरींचे पास

अहिल्याबाई होळकर योजनेतून ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेला जायला एसटीचा पास मोफत मिळतो. सुरुवातीला तो दहावीपर्यंत होता, नंतर बारावीपर्यंत वाढवला. बारावीच्या पुढं विलिंग्डन, वालचंद अशा विश्रामबागच्या कॉलेजांत किंवा मिरजेत शिकणाऱ्यांना, मुलगा असो की मुलगी, विद्यार्थी पासावर ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे एक तृतीयांश भाडंच भरायचं. शाळा-कॉलेजचं बोनाफाईड लागतं. शाळेतच पास पोहोचवायची मोहीम महामंडळानं सुरू केली. तुमच्या शाळेत तसं होत नसेल तर मुख्याध्यापकांना आठवण करा, कारण पोरांची यादी शाळेनं आगाराकडं पाठवावी लागते.

पासापेक्षा मोठा प्रश्न गाडीच्या वेळेचा आहे, हे लिहायला पाहिजे. पास मोफत, पण संध्याकाळची गाडी चुकली तर पोरगी स्टँडवर अंधार होईस्तोवर. आपल्या भागात कितीतरी पोरींचं कॉलेज याच कारणानं सुटलंय. घरातली माणसं "शिकू नको" म्हणत नाहीत, "उशिरा येऊ नको" म्हणतात, आणि शेवटी दोन्हीचा अर्थ एकच होतो. गाडीची वेळ कॉलेज सुटण्याशी जुळत नसेल तर ग्रामपंचायतीचा ठराव करून आगार व्यवस्थापकाकडं अर्ज द्या. तोंडी सांगून वेळापत्रक बदलत नाही. अर्जात किती मुली, कुठल्या वर्गात, कॉलेज किती वाजता सुटतं, एवढं आकड्यांत लिहा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सांगली विभागात सांगली, मिरज, इस्लामपूर (आता ईश्वरपूर), तासगाव, विटा, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, शिराळा आणि पलूस असे दहा आगार आहेत. तुमच्या गावची गाडी कुठल्या आगाराची, हे कंडक्टर सांगतो. अर्ज त्याच आगाराला द्यायचा, नाहीतर तो टेबलावरून टेबलावर फिरत राहतो.

सिव्हिल कुठलं?

हे खास लक्षात ठेवा. "सिव्हिलला न्या" असं गावच्या डॉक्टरनं सांगितलं की कुठल्या, हे तिथंच विचारा. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चं. त्याला जोडलेली मोठी सरकारी रुग्णालयं दोन. एक मिरजेत, दुसरं सांगलीत, ते वसंतदादा पाटलांच्या नावाचं. दोन्हीला आपण सिव्हिलच म्हणतो. चिठ्ठी एकाची आणि पेशंट दुसऱ्याच्या दारात, असं झालं की दहा किलोमीटरचा फेरा, आणि आजारी माणसाला तो फेरा बसचा असला की काय होतं ते सांगायला नको.

मिरजेचं सिव्हिल पंढरपूर रस्त्याला आहे. त्या बाजूनं येणाऱ्या गाडीनं आलात तर ते स्टँडच्या आधी येतं, स्टँडपर्यंत जाऊन परत यायची गरज नाही. सांगलीचं सिव्हिल सांगली स्टँडपासून जवळ. मिशन हॉस्पिटल मिरजेतच, डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली उभं केलेलं. वानलेसवाडी हे नाव त्यांच्यावरूनच पडलं, आणि भारती हॉस्पिटल त्या वानलेसवाडीच्या अंगाला, मिरजेच्या अलीकडं. "मिशनला जायचंय" आणि "वानलेसवाडीला जायचंय" यात थांबा बदलतो, हे नव्या माणसाच्या लक्षात येत नाही.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र असणाऱ्यांना साध्या गाडीत ७५ टक्के सवलत आहे, आणि अपंगत्व ६५ टक्के किंवा जास्त असेल तर सोबतच्या माणसालाही ५० टक्के. डायलिसिस, सिकलसेल, हिमोफिलिया अशा काही आजारांच्या पेशंटसाठीही वेगळी सवलत आहे. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला येणाऱ्या घराला प्रवासाचा खर्च किती जड जातो ते बघितलंय, म्हणून सांगतो, रुग्णालयातून दाखला घ्या आणि आगारात एकदा दाखवून विचारा. माहीत नाही म्हणून पैसे भरत बसणारे जास्त आहेत.

मिरजेच्या पुढं, हद्दीपलीकडं

म्हैसाळच्या पुढं कागवाड लागलं की कर्नाटक. आपल्याकडं सोयरीक तिकडं, दवाखान्याला माणसं तिकडून इकडं, त्यामुळं या मार्गाला दोन्ही राज्यांच्या गाड्या. महाराष्ट्राच्या गाडीत बायकांचं अर्धं तिकीट राज्याच्या हद्दीपर्यंतच. पुढचं भाडं पूर्ण. कर्नाटकच्या गाडीत आपली सवलत चालत नाही. तिकडं ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना मोफत प्रवास आहे, पण तो कर्नाटकच्या रहिवासी बायकांना, तिथलं ओळखपत्र दाखवून. एकाच बाकावर बसलेल्या दोन बहिणी, एक अथणीला दिलेली आणि एक आरगला, तर एकीला शून्य आणि दुसरीला पूर्ण तिकीट. अर्ध्या तिकिटासाठी आपली गाडी येईपर्यंत थांबायचं की आलेल्या गाडीत बसायचं, हे अंतर बघून ठरवा. सीमेवर काही वातावरण तापलं की या गाड्या एकाएकी बंद होतात, फेब्रुवारी २०२५ मध्ये झाल्या होत्या. लग्नकार्याला निघताना फोन करून मगच निघा.

पूर, संप आणि कोंडी

पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी हेच आपलं वेळापत्रक. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि स्टँडचा भाग पाण्यात होता. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली, पुलाजवळ चाळिशी गाठली, की सांगली स्टँडचं काम पुढं ढकला. मिरज, विश्रामबाग, कुपवाड उंचावर आहे, तिथपर्यंत सहसा पोहोचता येतं.

एसटी बंद पडली की काय होतं, हे आपण २०२१-२२ च्या संपात बघितलं. ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी सुरू झालेला संप पुढं एप्रिल २०२२ पर्यंत चालला. तेव्हा वडापानं दर वाढवले आणि ज्याच्याकडं दुचाकी नाही तो घरी बसला. त्यानंतर कितीतरी घरांनी कर्ज काढून गाडी घेतली आणि एसटीकडं परत फिरकलेच नाहीत. प्रवासी कमी म्हणून फेऱ्या कमी, आणि फेऱ्या कमी म्हणून प्रवासी कमी, असं ते चाललंय. गावातल्या फेरीला दहा माणसं बसली तरच ती टिकते. फेरी बंद करताना आगार तिचं उत्पन्नच बघतं.

मिरजेहून रेल्वे पकडायची असेल तर वेळेत मोकळीक ठेवा. कृपामयीच्या उड्डाणपुलाजवळ कोंडी झाली की दहा किलोमीटरला किती वेळ लागेल सांगता येत नाही. स्टँडवर उतरल्यावर जंक्शनपर्यंत पुढं रिक्षा किंवा चालणं आहेच, ते धरूनच हिशेब करा.

सुट्ट्या पैशांवरून भाडेवाढीनंतर भांडणं वाढलीत. आता कंडक्टरच्या मशीनवर क्यूआर कोड येतो, मोबाईलवरून पैसे देता येतात. रेंज नसलेल्या पट्ट्यात मात्र खिशात सुट्टे असलेले बरे.

तक्रार करायची असेल तर गाडीत भांडत बसण्यापेक्षा तिकीट जपा, त्यावर तारीख, वेळ, कुठून कुठं हे छापलेलं असतं. गाडीचा नंबर लिहून घ्या. स्टँडवर तक्रार वही मागायचा तुम्हाला हक्क आहे. महामंडळाचा टोल फ्री नंबर १८००२२१२५० आहे. पिशवी विसरली असेल तरी हेच करा, आणि ते लगेच करा, कारण गाडी पुढच्या फेरीला निघाली की सामान शोधणं अवघड होतं. आगारात पोहोचलेलं सामान ओळख पटवून परत मिळतं.

शहरी बसमध्येही अर्धं तिकीट मिळावं, असं वाटत असेल तर ती मागणी कंडक्टरकडं करून भागत नाही. सवलतीचा निर्णय राज्य सरकारचा आणि सवलतीची रक्कमही सरकारच महामंडळाला भरून देतं. त्यामुळं आमदार आणि पालकमंत्र्यांकडं जायला पाहिजे. महिला बचत गटांनी सह्यांचं निवेदन द्यायचं ठरवलं, तर त्यात रोज या रस्त्यावर कामाला, दवाखान्याला, कॉलेजला किती बायका जातात, गावावार यादी जोडावी. एका बाईचे दोन टप्प्यांच्या अंतराला फेरीमागं दहा रुपये, दिवसाला वीस, महिन्याच्या २६ दिवसांना पाचशेच्या वर. गाडी लाल की शहरी, एवढ्यावर हा फरक पडतोय.

तोवर, पायरीवर पाय ठेवायच्या आधी विचारा.